काचेतील बीज आणि गोठ्यातील गाय

(बी. ए. भाग २)

आमच्या दारव्हा तालुक्यात इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसालाही 'टिश्यू' हा शब्द ठाऊक आहे. तो शाळेने शिकवलेला नाही, केळीने शिकवला. 'टिश्यूचं रोप हाये' असे म्हटले की शेतकरी चार पैसे जास्त मोजतो, कारण ती रोपे एकसारखी असतात, रोगमुक्त असतात आणि बाग जवळजवळ एकाच वेळी निसवते. उमरखेड-महागावकडे केळी लावणाऱ्या आमच्या एका नातेवाइकाने तर नवी सून पसंत केल्यावर 'टिश्यूची दिसते' असा शेरा मारला होता. तो कौतुकाने मारला होता, हे मुद्दाम सांगतो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी ग्रंथालयातून नेलेल्या एका मासिकातला लेख घरी वाचून दाखवत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा घरात येणारा छापील कागद, मग तो विजेच्या बिलाचा असो की बियाण्याच्या पिशवीवरचा, वाचून दाखवणे हे माझे काम आहे. लेख उंदराच्या अंडाशयाचा आणि वृषणाचा तुकडा प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत वाढवण्याविषयी होता. अशा तुकड्यात बीज तयार होते, त्या बीजापासून गर्भ होतो आणि त्या गर्भापासून धडधाकट पिले जन्मतात, असे त्यात लिहिले होते. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे आता गाईची बी टिश्यू निंगली म्हना की." आई चुलीजवळ होती. तिने मान वर न करता विचारले, "अन् त्या काचंतल्या वासराले चाटनार कोन?"

मी कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध संपला असे मी समजत होतो. परंतु ह्या दोन वाक्यांनी मला दोन-तीन महिने पुस्तके धुंडाळायला लावली. हा लेख म्हणजे त्या दोघांना दिलेले उत्तर आहे आणि ते देता देता माझे स्वतःचे जे मत बनले तेही येथे मांडीत आहे. विद्यार्थी मित्रांना आणि गुरुजनांना ते पटेलच असे नाही.

प्रथम बाबांच्या प्रश्नाविषयी. केळीसारखी गाय का निघत नाही? वनस्पतीच्या कोवळ्या कोंबातल्या पेशीत अख्खे झाड दडलेले असते. केळीच्या कंदातल्या कोंबाचा बारीक तुकडा योग्य अन्न आणि संप्रेरके घालून वाढवला की त्याला फुटवे येतात, फुटव्यांना मुळे येतात आणि रोप तयार होते. प्राण्यांचे तसे नाही. गाईच्या कानाचा तुकडा काचेत जपला तर कानाच्या कातडीच्या पेशी वाढत राहतील, त्यांतून गाय कधीच उभी राहणार नाही. वासरू हवे तर बीजच हवे. ज्याला 'क्लोनिंग' म्हणतात त्यातही दुसऱ्या जनावराच्या पेशीतले केंद्रक एका रिकाम्या केलेल्या बीजात बसवावे लागते. म्हणजे त्या बीजावाचून तिथेही गाडी हालत नाही. आणि वासरू व्हायला कूसही लागते, कारण गाईचे नऊ महिने किंवा म्हशीचे दहा महिने काचेत काढण्याची सोय अजून कोणी केलेली नाही.

म्हणून प्राण्यांच्या बाबतीत सगळ्यांचे लक्ष अंडाशयावर आहे. गाईचे अंडाशय मोठ्या बोराएवढे असते. कालवड जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत लाखाच्या घरात बीजे झोपलेली असतात. म्हशीत हा आकडा पुष्कळच कमी. त्यांपैकी दर एकवीस दिवसांनी एखादे पिकते. आमच्याकडची गाय फार तर आठ-दहा वेते देते. बाकीची बीजे तिच्याबरोबर मातीत जातात. हा हिशोब मी वहीवर मांडला तेव्हा बाबा म्हणाले की मग कपाशीचंही तसंच आहे, पात्या किती लागतात अन् बोंडं किती होतात. मला ही उपमा पुस्तकातल्या कुठल्याही उपमेपेक्षा बरी वाटली.

वाया जाणारी ही बीजे वापरण्याचा पहिला मार्ग कत्तलखान्यातून गेला. कापलेल्या म्हशीचे अंडाशय कोमट मिठाच्या पाण्यात, थर्मासमध्ये घालून प्रयोगशाळेत आणतात. त्याच्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या फोडासारख्या पुटकुळ्यांतून सुईने बीजे ओढून घेतात. शरीराइतक्याच उबेत सुमारे चोवीस तास ती पिकवतात, मग रेताशी त्यांचा संयोग घडवतात आणि सात-आठ दिवस वाढवलेला गर्भ दुसऱ्या म्हशीच्या कुशीत सोडतात. हरियाणातल्या करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत ह्या रीतीने १९९० साली रेडकू जन्मले. म्हशीच्या जातीत जगातले ते पहिले, म्हणून त्याचे नाव 'प्रथम' ठेवले. त्याच संस्थेत पुढे २००९ साली क्लोनिंगने झालेल्या रेडकांची नावे 'समरूपा' आणि 'गरिमा'. नावे चांगली आहेत. ज्या म्हशींच्या अंडाशयातून ही बीजे येतात त्यांची नावे मात्र कोणाला ठाऊक नसतात. ज्या दारात त्या दहा-बारा वर्षे बांधलेल्या होत्या, तिथे त्यांना नाव असणारच. आमच्याकडे तरी बिननावाचे जनावर कोणी ठेवत नाही.

माणसाच्या बाबतीत महाराष्ट्राने ह्या कामात मोठे पाऊल टाकले हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा ही मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांचे ते फळ होते. त्याच आनंद कुमारांनी पुढे १९९७ साली जाहीरपणे सांगितले की हे काम आपल्या आधी, १९७८ मध्ये, कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी केले होते. मुखोपाध्यायांवर त्यांच्या हयातीत कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पहिलेपणाचा मान आपल्याकडे असताना तो स्वतःहून दुसऱ्याच्या ओंजळीत घालणारा शास्त्रज्ञ मुंबईत होऊन गेला, ही गोष्ट मला त्या सगळ्या यंत्रसामग्रीपेक्षा मोठी वाटते. असो. विषय गाईचा आहे.

सुईने ओढलेली बीजे ही आधीच बरीचशी वाढलेली असतात. झोपलेली लाखभर बीजे अंडाशयाच्या सालीत तशीच राहतात. ती साल पातळ कापून काचेत वाढवता येईल का, हा खरा प्रश्न, आणि तो नवा नाही. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत मार्टिनोविच नावाच्या संशोधकाने १९३७ च्या सुमारासच उंदरा-घुशींच्या जातीतल्या पिलांची अंडाशये आणि वृषणे शरीराबाहेर जगवून दाखवली होती. परंतु जगवणे वेगळे आणि त्यापासून संतती होणे वेगळे. त्याला जवळजवळ साठ वर्षे लागली. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एपिग आणि ओब्रायन यांनी १९९६ साली नुकत्याच जन्मलेल्या उंदरीचे अंडाशय काचेत वाढवून, त्यातल्या अगदी मुळाच्या बीजापासून एक पिलू जन्माला घातले. 'एगबर्ट' हे त्याचे नाव. तो मोठेपणी फार लठ्ठ झाला आणि त्याला मधुमेह जडला. त्यांनी हे लपवले नाही, पद्धत सुधारली आणि २००३ मध्ये पुष्कळ निरोगी पिलांची नोंद केली. नराच्या बाजूने २०११ साली जपानमधल्या योकोहामा येथे ओगावा आणि सहकाऱ्यांनी वृषणाचे बारके तुकडे जेलीसारख्या थराच्या ठोकळ्यावर, निम्मे द्रवात आणि निम्मे हवेत, असे ठेवले. त्यात शुक्रबीजे तयार झाली आणि त्यांपासून झालेली पिले पुढे स्वतः प्रजननक्षम निघाली. तुकडा द्रवात पूर्ण बुडवला तर त्याला श्वास मिळत नाही, कोरडा ठेवला तर तो वाळतो. धानाचे रोप लावणाऱ्याला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

गाईत हे अजून शेवटापर्यंत साधलेले नाही. उंदराचे बीज तीन आठवड्यांत पिकते, गाईच्या मुळाच्या बीजाला पिकायला महिनोन् महिने लागतात, आणि इतका काळ तुकडा काचेत निरोगी ठेवणे अवघड आहे. परंतु दुसरी एक वाट मोकळी आहे. एडिंबरोत गॉस्डेन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली मेंढीच्या अंडाशयाची साल काढून, ती गोठवून, वितळवून, त्याच मेंढीच्या अंगात परत बसवली, आणि त्या मेंढीला कोकरू झाले. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, असा तुकडा वर्षानुवर्षे राहू शकतो. गोठवून पेशी जपण्याची विद्या आपल्या राज्यातही आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकात प्राण्यांच्या ऊती आणि पेशी वाढवण्याची राष्ट्रीय सोय म्हणूनच सुरू झाले, आणि तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात.

इथवर वाचल्यावर आमच्या वर्गातला एक मित्र म्हणाला, "हे सगळे निसर्गाच्या विरुद्ध आहे." दुसऱ्याने त्यात गोमातेचा विषय आणला आणि आमच्या चहाच्या टेबलावर बराच वेळ आरडाओरड झाली. मला ह्या आक्षेपात फारसा दम वाटत नाही. आमच्या गोठ्यात निसर्गाप्रमाणे काय चालते? बैल खच्ची केलेला असतो, वासराला दोन थान सोडून बाकीचे दूध आपण काढतो, आणि गाय गाभण राहते ती मोटारसायकलवर आलेल्या नळकांड्यातल्या कांडीने. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली आणि गोठवलेले रेत शेतकऱ्याच्या दारात नेले, तेव्हाही लोक निसर्गाचेच नाव घेत असणार. आज तेच लोक कांडीवाल्याची वाट पाहतात. ज्याला आक्षेप घ्यायचाच आहे त्याने दुसऱ्या एका गोष्टीवर घ्यावा. काचेतल्या तुकड्याला जे अन्न घालतात त्यात पुष्कळदा गाभण गाय कापल्यावर तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून काढलेला रस असतो. एक वासरू वाढवायला न जन्मलेल्या दुसऱ्या वासराचे रक्त, ही गोष्ट वाचली त्या रात्री मला जेवण गेले नाही. रसाशिवायची अन्ने आता निघाली आहेत, ती वापरावीत असा आग्रह धरणे हे गोमातेच्या नावाने घसा कोरडा करण्यापेक्षा उपयोगाचे आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो आईच्या प्रश्नातून निघाला.

काचेतल्या वासराला चाटणार कोण? उत्तर असे की जिच्या कुशीत ते वाढले ती गाय चाटेल. तिला ते आपलेच वाटते. पण ती गाय कोणती असते? गर्भ असतो गीर, साहिवाल अशा नामांकित, जास्त दूध देणाऱ्या गाईचा आणि कूस असते एखाद्या साध्या, कमी दुधाच्या गाईची. म्हणजे आमच्या कपिलीसारखीची. नऊ महिने चारा तिचा, कळा तिच्या, चाटणे तिचे, आणि वासरात तिचा केसभरही अंश नाही. तिचे स्वतःचे वासरू त्या वेतात व्हायचे ते झालेच नाही. असे प्रत्येक वेताला होत राहिले तर दहा वर्षांत तिचा वंश कोणी न मारता संपतो.

सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू केले. त्यात काचेत केलेला गर्भ गाईला बसवून ती गाभण राहिली तर ५,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. कालवडच व्हावी म्हणून निवडलेले रेतही अनुदानावर मिळते, त्यात सुमारे ९० टक्के वेळा कालवड होते. दुधाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, आणि ज्याला दूध विकायचे आहे त्याला मी नावे ठेवीत नाही. पण आमच्याकडे तीन एकरांत कपाशी आणि तूर आहे. डवरणीला आजही बैलच लागतो, कारण ओळीत उभ्या पिकातून ट्रॅक्टर फिरवता येत नाही आणि भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरवाल्याला आमच्या तुकड्यासाठी वेळ नसतो. बैलजोडीचा भाव ऐकला की बाबा बाजारातून तसेच परत येतात. काचेत गोऱ्ह्याला जागा नसेल तर पोळ्याला आम्ही काय शिंगांना बेगड लावून उभे करायचे?

नव्या गाईचा अनुभव आमच्या जिल्ह्याला आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे ते जिल्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून जे उपाय त्यात होते त्यांत जास्त दूध देणाऱ्या गाई वाटणे हाही एक होता. गाय आली, पण तिच्यामागून ढेप आली नाही, हिरवा चारा आला नाही, दूध घेणारी गाडी आली नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो हे तिला कोणी सांगितले नव्हते. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वेळी ह्यावर लिहिले आहे. गाईला खाऊ घालताना घरच्या माणसांचे ताट उणे पडले, अशी कुटुंबे त्यात होती. माझा जन्म त्याच सुमाराचा. आमच्या गावात अजूनही एखादे जनावर खाते जास्त आणि देते कमी असे दिसले की म्हातारी माणसे 'पॅकेजची हाये' म्हणतात. एका सरकारी योजनेचा गावच्या भाषेत उरलेला हा एवढाच शब्द.

तेव्हा काचेतल्या बीजाचा प्रश्न हा बीज कसे पिकते एवढ्यापुरता नाही. कोणाचे बीज काचेत ठेवायचे, हे ठरवणारा कोण, हा तो प्रश्न आहे, आणि तो प्रयोगशाळेत सुटत नाही. म्हणून तो कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही बोलावा असे मला वाटते.

मागच्या वर्षी गावात जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारायला माणूस आला. बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. त्याच्याजवळ मोबाइलवर एक अर्ज होता, त्यात जनावराची जात भरायची होती. त्याने कपिलीकडे बघितले आणि एक इंग्रजी शब्द निवडला. मी डोकावून पाहिले, 'नॉनडिस्क्रिप्ट'. म्हणजे जिचे वर्णन करता येत नाही अशी. तो बिचारा आपले काम करीत होता, त्याच्या यादीत दुसरा शब्दच नव्हता. पण तांबूस अंगाची, बारीक शिंगांची, कोरडा कडबा खाऊन भर उन्हात रानातून चरून येणारी आणि पायांच्या खुरांनी कधी न लंगडलेली ही गाय, जिचे वर्णन आमच्या घरात लहान पोरही करील, ती कागदावर वर्णनहीन ठरली. (कॉलेजात प्रवेशाच्या वेळी एका अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यात दिलेल्या पर्यायांपैकी आमच्यासाठी 'इतर' एवढाच उरला होता, त्याची मला आठवण झाली.)

वस्तुतः तिला नाव होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी केलेल्या गॅझेटियरात वऱ्हाडी जनावरांच्या दोन जाती सांगितल्या आहेत, अंगाने थोराड ती खामगावी आणि लहान चणीची ती उमरडा. परक्या राज्यकर्त्याने जी गाय ओळखली ती आमच्या यादीतून निसटली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली गवळाऊ ही मान्यताप्राप्त जात आहे, तिला यादीत जागा आहे. आमच्याकडच्या गाईची गणती 'गावरान' ह्या ढिगात होते आणि तो ढीग कमी होत चालला आहे. २०१२ ते २०१९ ह्या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातल्या देशी गाई-बैलांची संख्या सुमारे ६ टक्क्यांनी घटली आणि विदेशी-संकरित जनावरांची सुमारे २७ टक्क्यांनी वाढली.

करनाललाच पशु आनुवंशिक संसाधनांची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या पेढीत देशी जातींच्या वळूंचे रेत गोठवून जपले जाते. हे काम मोलाचे आहे, पण रेत म्हणजे निम्मा वारसा. उद्या उमरड्याचे रेत सापडले आणि उमरडी गाय उरली नाही, तर ते दुसऱ्या जातीच्या गाईवर वापरून पिढ्यान् पिढ्या मागे यावे लागेल, आणि आईकडूनच येणारा जो अंश पेशीच्या द्रवात असतो तो तरीही परत येणार नाही. इथे अंडाशयाची साल कामाला येते. म्हातारी झालेली, भाकड ठरलेली, वेत संपलेली गाय जेव्हा आपल्या मरणाने मरते तेव्हा काही तासांच्या आत तिचे अंडाशय काढून थंड डब्यातून नेले आणि गोठवले, तर तिच्यात उरलेली हजारो बीजे जपली जातील. आज त्यांपासून वासरू करता येत नसेल, उद्या येईल. महाराष्ट्रात गाय कापायला आधीपासूनच बंदी आहे आणि २०१५ पासून बैलही त्यात आला, त्यामुळे गाईची अंडाशये कत्तलखान्यातून मिळत नाहीत. जिवंत गाईतून सुईने बीज काढायचे तर यंत्र हवे, निष्णात डॉक्टर हवा, आणि ती गाय नामांकितच असते. मेलेली गावरान गाय मात्र प्रत्येक गावात आहे, तिला कोणी विचारीत नाही. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथून दारव्हा काही परदेश नव्हे. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. पुण्याच्या आणि करनालच्या लोकांना ज्या वेळी सवड होईल त्या वेळी होवो, पण आमच्या भागातल्या गाईचे बीज आमच्या भागात जपले जावे आणि कोणती गाय जपायची हे गुराख्याला, शेतकऱ्याला आणि घरी शेणपाणी करणाऱ्या बाईला विचारून ठरावे, एवढे मागणे मला अवास्तव वाटत नाही. शेणपाणी करणाऱ्या बाईला मी मुद्दाम सांगितले, कारण सभेला बोलावतात ते तिच्या नवऱ्याला.

आणि त्याही आधी एक अगदी साधी गोष्ट हवी आहे. कपिली गेल्या वर्षी तीनदा उलटली. गाईचा माज अर्धा-पाऊण दिवस टिकतो, तेवढ्यात कांडी भरली तर भरली. पहिल्या वेळी ती शनिवारी रात्री हंबरू लागली. बाबा रविवारी सकाळी सायकलने गेले तर कुलूप. दुसऱ्या वेळी माणूस भेटला, पण त्याच्या नळकांड्यातला नायट्रोजन संपला होता. तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा माज उतरून गेला होता. एकेका चुकीला एकवीस दिवस जातात आणि तेवढ्या दिवसांचा चारा जातो. गावात वळू राहिलेला नाही, वळू पाळायला कोणाला परवडत नाही. उणे १९६ अंशांची ही विद्या आपल्या देशात पन्नास वर्षे राबते आहे आणि आमच्या गल्लीपर्यंत येताना ती वितळते. ज्यांना लाखभर बीजे जपायची आहेत त्यांनी आधी एकवीस दिवसांनी पिकणारे एक बीज वाया जाऊ नये अशी व्यवस्था करावी, असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी घरी वाचून दाखवला. उमरड्याचा भाग आला तेव्हा बाबा उठून बसले. त्यांच्या आज्याच्या तोंडी हा शब्द होता म्हणे, त्यांनी तो मधली चाळीस वर्षे ऐकला नव्हता. आईने चाटण्याचे उत्तर ऐकून घेतले, त्यावर काही बोलली नाही. बिल्ले मारणारा माणूस पुन्हा आला तर जातीच्या रकान्यात काय भरायला सांगायचे, असे मी बाबांना विचारले. ते म्हणाले, "तुले जे भराचं ते भर. पन ह्या खेपीले ती राह्यली का नाई, ते तेवढं त्याईले पायले लाव."